दारांखालची विहीर

"गाणं चाले तोवर, पोरी, भिऊ नको काही,
गाणं थांबलं तर ओढ, वाट बघणं नाही!"

हा आवाज नीकानोराने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि आवाज जमिनीच्या पोटातून येत होता.

तिचा बाप कासियानो विहिरी खणायचा. दोराला धरून तो उतरू लागला की त्याचं डोकं आधी घागरीएवढं दिसे, मग लिंबाएवढं, मग नुसता काळोख, आणि काळोखातून गाणं. खोल विहिरीत हवा कधी नासेल याचा नेम नसतो. खालच्या माणसाला कळायच्या आत त्याची शुद्ध हरपते. म्हणून खणणारे खाली गात राहायचे आणि वरच्याने दोर हातात धरून कान द्यायचा. गाणं चालू आहे तोवर माणूस आहे. नऊ वर्षांची नीकानोरा काठावर पालथी पडून ऐकायची, आणि दोन कडव्यांच्या मधे बाप श्वास घ्यायचा तेवढ्यातसुद्धा तिच्या मुठी दोरावर आवळायच्या.

ती विहीर बावीस वार खोल गेली. पाणी गोड लागलं. गवळीवाड्याच्या दोनशे गाई त्या पाण्यावर जगल्या. कासियानो गातगातच वर आला आणि ओल्या मातीचं बोट त्याने लेकीच्या नाकाला लावलं.

दोन वर्षांनी, तीन कोसांवरच्या दुसऱ्या एका विहिरीत त्याचं गाणं थांबलं. वर दोर धरून बसलेल्या माणसाला वाटलं, दम खातोय. त्याने वाट बघितली.

त्यानंतर बापाचा आवाज म्हणजे ती पहिली विहीर, असंच नीकानोराच्या मनाने धरलं. ती वाकून हाक मारायची, "ताताऽ!" आणि विहीर जाडसर, बाप्याच्या गळ्याने तिला परत हाक द्यायची. ती मोठी झाली, त्याच गवळीवाड्यावर धारा काढणाऱ्या बाल्दोमेरोशी तिचं लग्न झालं, तरी बादली सोडण्याआधी एक हाक ठरलेली. बाल्दोमेरो हसायचा. "सासरेबुवा काय म्हणतात?" विचारायचा.

मग गवळीवाड्याचं शेत विकलं गेलं.

आगगाडीचं स्टेशन जवळ आलं होतं, शहरात माणूस मावेनासा झाला होता, आणि जिथे लसूणघास कमरेएवढा डोलायचा तिथे साखळ्या घेऊन मोजणीवाले फिरू लागले. दहा वार रुंद, पन्नास वार लांब असे तुकडे पडले. प्रत्येक तुकड्यावर लाल बावटा. पांढऱ्या बुटांचा एक एजंट बाल्दोमेरोला म्हणाला, "आठ दिवसांत ही जमीन मला टेबलासारखी सपाट पाहिजे. गोठा पाड, अंजिरं तोड, आणि ती विहीर बुजव. विहीर दिसली की गिऱ्हाईक बिचकतं. एवढं केलंस तर कोपऱ्यालगतचा प्लॉट तुझ्या नावाने राखून ठेवतो. पण विहीर कुठे होती हे कुणाच्या कानावर गेलं, तर प्लॉट विसर."

ऐंशी गाड्या माती लागणार होती. पहिली गाडी आली तेव्हा नीकानोरा काठावर बसून होती. उठेचना.

"ताताच्या तोंडात माती घालणार तू?" एवढंच ती म्हणाली.

बाल्दोमेरो मऊ काळजाचा. शिवाय दिवस आठच. त्याने पाडलेल्या गोठ्याची दोन दारं ओढत आणली, विहिरीचा काठ दोन हात खाली उतरवला, दारं एकावर एक आडवी-उभी टाकली, वर माती पसरली, मातीवर गवताची ढेकळं रचली. दारं हलक्या पांढऱ्या लाकडाची होती. एजंट आला, बरोबर तिथेच उभा राहिला, पांढरा बूट आपटून म्हणाला, "शाब्बास!"

नीकानोरा ऐकत होती. बुटाचा आवाज संपायला जरा उशीर लागला.

लिलावाच्या रविवारी बँड होता, तंबू होता, शहरातून फुकट आगगाडी होती. त्या गर्दीत समुद्रापलीकडच्या गालिसियाहून आलेलं एक जोडपं बावरून उभं होतं. बेनिग्नो ट्रामच्या डेपोत कामाला; त्याची बायको ओब्दुलिया; हात धरून अकरा वर्षांची ओतीलिया, आणि कडेवर तान्हा मुलगा. कुठला तुकडा घ्यावा त्यांना कळेना. बावट्यांचा भारा खांद्यावर टाकून फिरणाऱ्या बाल्दोमेरोने बेनिग्नोचा हात धरला आणि त्याला आपल्या शेजारच्या तुकड्यावर आणून उभं केलं. "हा घ्या. या मातीला मी ओळखतो." त्याला शेजारी भली माणसं हवी होती, त्या क्षणी विहीर मनातसुद्धा नव्हती, असं तो पुढे नेहमी सांगे. फक्त बायकोला सांगे. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या वस्तीत घरं मागून पुढे बांधत. प्लॉटच्या पार शेवटाला आधी एक स्वयंपाकघर उठायचं. त्यातच निजायचं, जेवायचं, बाळंत व्हायचं. वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या पुढे एक खोली, मग आणखी एक, सगळ्या एका ओळीत, एकाच लांब ओसरीवर उघडणाऱ्या. सगळ्यात शेवटी, रस्त्याला लागून, दिवाणखाना. त्याला उंच खिडक्या, दर्शनी भिंतीवर गिलाव्याची फुलं, आणि ज्याच्या त्याच्या नावाची अक्षरं. पुष्कळांची घरं तिथवर पोचतच नसत. पुढे वर्षानुवर्षं गवत आणि कोंबड्या.

बेनिग्नोच्या तुकड्यात विहीर रस्त्यापासून चार पावलं आत होती, दोन घरांमधल्या तारेच्या कुंपणापासून तीन.

बेनिग्नोचं स्वयंपाकघर उभं राहिलं त्या दिवशी नीकानोराने आपल्या बाजूने, कुंपणाला धरून, तिथून विहिरीपर्यंतची पावलं मोजली. छत्तीस. तिने सुस्कारा टाकला. छत्तीस पावलं म्हणजे चिक्कार झालं. तेवढ्यात माणूस म्हातारा होतो.

त्याच हिवाळ्यात ती बाळंत झाली आणि पंधरा दिवस तापात पडली. तिच्या छातीला दूध नव्हतं. ओब्दुलियाने एका बाजूला आपला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला नीकानोराची मुलगी, असं दोघांना पाजलं. "माझं काय जातंय? गाय तर गाय!" म्हणायची आणि गदगदा हसायची. पुढे ओतीलियाच्या चर्चमधल्या दीक्षेला नीकानोरा धर्ममाता म्हणून उभी राहिली. तेव्हापासून ती पोरीची माद्रिना आणि ओब्दुलियाची कोमाद्रे, पोरीच्या नात्याने जोडलेली बहीण. कुंपणाची तार दोघींनी मधे वाकवून ठेवली होती. त्या खिंडारातून दिवसातून दहा वेळा माते नावाच्या पानांच्या चहाचा तुंबा इकडून तिकडे जायचा, एकाच नळीने दोघी तो कडू चहा ओढायच्या, आणि ओढता ओढता नीकानोराची नजर ओब्दुलियाच्या खांद्यावरून पुढे जायची, रस्त्याकडे, गवताकडे.

पहिली खोली झाली. तीस पावलं.

जूनमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, कडाक्याच्या सकाळी सगळं रान पांढरं व्हायचं. कुंपणाची तार, कोबीचे गड्डे, गवताचं पातं न् पातं. आणि त्या पांढऱ्यात एक गोल काळा डाग असायचा, परातीएवढा. तिथे गोठलेलं दव टिकतच नसे. खालून काहीतरी ऊबदार वर येई. नीकानोराला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिच्या हातातली बादली तिथेच राहिली. बेनिग्नोला दिसलं तेव्हा तो खूश झाला.

"बघा, नीकानोराबाई, माझ्या जमिनीचं पोट गरम आहे! दुसऱ्याच्या प्लॉटवर असं नाही."

त्यांचा कुत्रा पेरिको थंडीत तिथेच वेटोळं करून निजायचा. सगळी वस्ती त्या जागेला पेरिकोची गादी म्हणू लागली. नीकानोरा कुंपणापलीकडून त्याला हाडाचा तुकडा दाखवून बोलवायची. कुत्रा एक डोळा उघडायचा, शेपटी हलवायची, आणि जमिनीला कान लावून परत झोपायचा.

दुसरी खोली झाली. चोवीस पावलं.

तिसरी झाली. अठरा.

मधली दोन वर्षं काम थांबलं आणि नीकानोराला झोप लागू लागली. बाल्दोमेरोच्या प्लॉटचे कागद हातात आले. पांढऱ्या बुटांचा एजंट दुसऱ्या कुठल्या तरी शेतावर गेला होता, आता त्याला विचारतं कोण! सांगायला काहीच आड नव्हतं. पण वर्षं साचली होती. रोज सकाळी खिंडारातून हात पुढे करून ज्या बाईचा तुंबा घेतला, तिला कुठल्या सकाळी सांगायचं की पहिल्याच सकाळी सांगायला हवं होतं? नीकानोरा मनाशी म्हणायची, अठरा पावलं आहेत. अजून दोन खोल्या व्हायच्यात. तेवढ्यात काहीतरी होईल.

त्या वर्षी दवातला काळा डाग बोटभर खोलगट झाला. पाऊस झाला की तिथे बशीसारखं पाणी साठायचं आणि दुपारपर्यंत कुठे जायचं कळायचं नाही. बेनिग्नोने चार फावडी माती टाकली. पुढच्या महिन्यात पुन्हा टाकली.

"जमीन बसतेय," तो म्हणाला. "बसू दे. बसलेली बरी."

मग एका सकाळी ओब्दुलिया खिंडारापाशी आली ती हात पुसत, डोळे पुसत, एकदमच.

"कोमाद्रे! ओतीलियाचं ठरलं! स्टेशनातला तो तारवाला, लाजरा, मोठ्या कानांचा. काल टोपी फिरवत बसला तासभर, शेवटी बेनिग्नोच म्हणाला, अरे बाबा, माग ना पोरगी, आम्हाला जेवायचंय!"

नीकानोराने तिला मिठी मारली. तार दोघींच्या पोटात रुतली.

"सप्टेंबरात लग्न. आणि ऐक, बेनिग्नो म्हणतो मधल्या खोल्या मरू देत, त्या कधीही होतील. सरळ पुढचा दिवाणखानाच घ्यायचा. पोरगी उंबऱ्यावरून रस्त्यावर उतरली पाहिजे, कोंबड्यांमधून नाही. मधे अंगण राहील, फुलझाडं लावू."

अठरावरून एकदम शून्य.

"काय गं? पांढरी का पडलीस?"

"काही नाही," नीकानोरा म्हणाली. "आनंदाने."

त्या दुपारी बाल्दोमेरो दाढी करत होता तेव्हा ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. आरशात तिचा चेहरा त्याच्या खांद्यावर आला.

"सांगू या त्यांना."

"काय?"

"तुला माहितेय काय."

वस्तरा गालावर थांबला. "हात धरून आणलंय मी त्याला तिथे. आता काय म्हणू, बेनिग्नो, आठ वर्षं तुला फसवलं, ये, माते घे?"

"एजंटाने सांगितलं म्हण."

"एजंटाने प्लॉट द्यायच्या आधी सांगितलं होतं. नंतरच्या आठ वर्षांचं काय म्हणू?" त्याने वस्तरा पाण्यात बुडवला. "टिकतील दारं. बैलांच्या लाथा खाल्लेली आहेत."

"ओल्या मातीत कुजतं, बाल्दो. पांढरं लाकूड."

"मग तुझा ताता सांभाळेल की! त्याच्यासाठीच ठेवलीय ना उघडी?"

म्हणाला आणि त्याचा हात घसरला. गालावर रक्ताचा एक बारीक थेंब आला होता. तिने तो टिपला नाही. तशीच बाहेर गेली.

गवंडी गौदेन्सियो, इटलीकडचा, दोन माणसं घेऊन आला आणि पायाचे चर आखले. विटा त्याच शेतातल्या, पलीकडच्या भट्टीत लसूणघासाचीच माती भाजून केलेल्या. नीकानोरा कपडे वाळत घालायचं निमित्त करून उभी राहिली. तेच ते चार कपडे ती घालत होती, काढत होती. पहार चालू होती. खण्, खण्, खण्. तिने मनात म्हटलं, लागू दे. एका घावात पहार खाली जाऊ दे, हातातून सुटू दे, यांनाच कळू दे, मला बोलायला लागू नये. चर रस्त्याच्या बाजूने गेला, वळला, कुंपणाच्या बाजूने आला. एक पाऊल. चर आणि विहिरीचा काठ यांच्या मधे एकच पाऊल राहिलं. गौदेन्सियोने ओणवं होऊन चरात ओळंबा सोडला, समाधानाने मान हलवली, आणि चर पुढे निघून गेला.

चारी भिंती वर आल्या आणि विहीर खोलीच्या बरोबर मधे राहिली.

ओब्दुलियाला तिने आडून सांगून पाहिलं. "मला वाईट स्वप्नं पडतात गं त्या खोलीची."

"माझ्या बेनिग्नोचं घोरणं ऐकून झोप, एक स्वप्न पडायचं नाही."

"कुत्रा निजतो तिथे घर बांधू नये म्हणतात."

"कोण म्हणतं? कुत्रा?" ओब्दुलिया हसली, मग डोळे बारीक करून तिने नीकानोराकडे पाहिलं. "खरं सांग, कोमाद्रे. भिंतीची सावली तुझ्या कांद्यांवर पडते ना? तेच डाचतंय. सरळ बोल की, मी काय परकी आहे?"

नीकानोराने तोंड उघडलं. "हो," म्हणाली. "कांद्यांवर पडते."

आतून गिलावा सुरू झाला. परांचीचे चार पाय खोलीच्या मधे, वर फळी, फळीवर थापी घेऊन गौदेन्सियो. तो उंच आवाजात गात काम करायचा. नीकानोरा कुंपणापाशी हात तारेवर ठेवून ऐकत राहायची. तो चुना घ्यायला थांबला की तिच्या मुठी आवळायच्या आणि तारेचे काटे तळव्यात जायचे. तिला स्वतःलाही कळायचं नाही. घरी गेल्यावर पोर विचारायची, आई, रक्त कसलं?

एका दुपारी गौदेन्सियो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "अहो बेनिग्नो! या परांचीचा एक पाय रोज बोटभर खाली जातोय. खालून कुणी ओढतंय की काय!"

"सासू असेल माझी!" बेनिग्नो ओरडला.

सगळे हसले. पायाखाली विटेचा तुकडा सरकवला, काम पुढे चाललं.

वर पन्हळी पत्रा चढला. खिडक्यांच्या चौकटी बसल्या. दर्शनी भिंतीवर गिलाव्याची फुलं उमलली. राहिली फक्त जमीन. भराव टाकला होता, चुना-माती पसरली होती. धुम्मस लावून ठोकली की वर फरशी.

"धुम्मस नको," ओब्दुलिया म्हणाली. "आमच्या गावाकडे नव्या खोलीची जमीन माणसांनी नाचून बसवतात. आधी नवरी एकटी जाते. आजीचे लाकडी बूट घालून, बरोबर मधे. तीन वेळा टाच मारते. मग पिशवीची पिपाणी वाजायला लागते आणि सगळा गाव आत. संध्याकाळपर्यंत अशी घट्ट होते जमीन, नखाने ओरखडा उठत नाही. माझ्या आईने केलं, मी केलं. रविवारी ठेवलंय. तीस माणसं येतील. कोमाद्रे, तुझ्या हातच्या एम्पानादा पाहिजेत हं, त्या मटणाच्या सारणाच्या."

शनिवारी नीकानोराने सारण शिजवलं. मीठ घातलं की नाही आठवेना म्हणून दोनदा चाखलं, आणि चव कळली नाही. तीस माणसं. साठ टाचा. ती मनात मोजत होती आणि हाताने करंज्यांसारख्या एम्पानादा मुडपत होती. एक मुडपली, त्यावर एक माणूस. दुसरी मुडपली, त्यावर दुसरा. परात भरली तेव्हा तिने वरचं फडकं घट्ट झाकलं.

"उद्या मी जाणार नाही," ती बाल्दोमेरोला म्हणाली. "तूही जाऊ नको."

"न गेलो तर विचारतील का नाही आलात."

"मग सांगू."

"दारं टिकतील," तो म्हणाला. पण नजर जमिनीकडे होती, जणू तो स्वतःच्याच पायांना सांगत होता.

रविवारी दुपारी ऊन लख्ख होतं. पिपाणीवाला चुलतभाऊ आला, ट्रामवाले आले, स्टेशनातला मोठ्या कानांचा नवरामुलगा नवी टोपी फिरवत आला. अंगणात मांस भाजत होतं. बायका घागऱ्याचे ओचे खोचून, बूट-मोजे काढून तयार. नीकानोरा परात घेऊन दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी उभी राहिली. आत कुणी नव्हतं. चुना-मातीवर सकाळी पाणी शिंपडलेलं; सगळी जमीन सारखी ओलसर, करडी. फक्त मधे परातीएवढा गोल कोरडा होता. पाणी खाली गेलं होतं.

"सरका, सरका, नवरीला वाट द्या!"

ओतीलिया आली. केस वर बांधलेले, पायांत आजीचे लाकडी बूट, गाल लाल. नीकानोराच्या जवळून जाताना ती कानात पुटपुटली, "माद्रिना, हे बूट मला मोठे होतायत. हसू नको हं."

आणि आत गेली.

थप्. थप्. ओल्या मातीवर लाकडाचा जाड, भरीव आवाज. थप्. चौथ्या पावलाला आवाज बदलला. बाकी कुणाला कळला नाही. सगळे हसत होते, ट्रामवाले शिट्ट्या मारत होते. पण नीकानोराच्या कानाला कळला. तो आवाज संपायला उशीर लागला.

ओतीलियाने टाच उचलून मारली. एक.

पिपाणीवाल्याने पिशवी काखेत दाबली, श्वास भरून घेऊ लागला. तेवढ्यापुरतं सगळं शांत झालं. माणसांनीही श्वास धरला होता. त्या शांततेत कुठेतरी, फार खाली, मातीचे कण पाण्यात पडले. टप् टप् टप्. आणि मग तेही थांबलं.

नीकानोराच्या हातून परात सुटली. एम्पानादा उंबऱ्यावर घरंगळल्या. ती आत दोन पावलं गेली, भिंतीला लागून गेली, पोटावर पडल्यासारखी वाकली, लांब हात करून पोरीचं मनगट पकडलं आणि ओढलं. नऊ वर्षांची असताना ज्या मुठींनी दोर धरला होता त्याच मुठींनी ओढलं. ओतीलिया किंचाळली, एक लाकडी बूट पायातून निघून मधेच राहिला, आणि दोघी उंबऱ्यावर एम्पानादांमध्ये कोसळल्या.

मग हशा फुटला.

"कोमाद्रेला धीर नाही!" बेनिग्नो ओरडला. "अहो, आधी नवरी, मग तुम्ही! वयाचं तरी भान ठेवा!"

"मला लागलं ना, माद्रिना," ओतीलिया रडवेली होऊन मनगट चोळत होती.

ओब्दुलिया मात्र हसत नव्हती. ती खाली बसली, नीकानोराची हनुवटी धरून तिने चेहरा वर केला. "काय झालं? काय आहे?"

"कुणी आत जाऊ नका," नीकानोरा म्हणाली. "खाली विहीर आहे."

"कुठे?"

"मधे. गवळीवाड्याची विहीर. बावीस वार."

हशा विझला. बेनिग्नोने पत्र्याकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, फुलांकडे, आणि मग हळूच बाल्दोमेरोकडे. बाल्दोमेरो अंगणात भट्टीपाशी होता; हातातला चिमटा ठेवून तो पुढे आला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण ओठांवर हसू ओढून आणलं होतं.

"होती," तो म्हणाला. "होती विहीर. बुजवलीय मी. मी स्वतः. ऐंशी गाड्या माती घातलीय, दगड घातलेत, तुमच्या डेपोएवढी पक्की आहे. बायको थकलीय, चार रात्री झोपली नाही. बेनिग्नो, माझ्यावर विश्वास नाही? हे बघ." आणि त्याने उंबऱ्यावरून पाय आत टाकला.

"बाल्दो."

"बघा तर खरं!" त्याने दुसरा पाय टाकला. थप्. लाकडी बूट मधे एकटा पडला होता आणि त्याच्याभोवतीची कोरडी माती कडेने बारीक, गोल चिरत होती. बाल्दोमेरोला ती चीर दिसत होती. नीकानोराला कळलं की दिसतेय, आणि तरी तो थांबणार नाही. तिला वाचवायला म्हणूनच थांबणार नाही. आठ वर्षं तिच्या वाटणीचंही तो आपल्याच अंगावर घेत आला होता, आणि आता तसाच मधे चालत निघाला होता.

तिने एका हाताने ओब्दुलियाचा हात धरला आणि दुसऱ्याने नवऱ्याच्या सदऱ्याचा काठ मुठीत पकडून त्याला मागे खेचून धरलं.

"त्याने बुजवली नाही," ती म्हणाली, आता सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तो बुजवणार होता. मातीची गाडी आली होती. मी काठावर बसले आणि बुजवू दिली नाही. खाली गोठ्याची दोन दारं आहेत, आणि दारांखाली काही नाही. त्यात माझ्या ताताचा आवाज होता, ओब्दुलिया. मला तो हवा होता. तू माझी पोर पाजत होतीस तेव्हाही मला माहीत होतं."